खान्देशातल्या घराची सगळ्यांची जागा: ओटा, पुढची खोली, माजघर आणि गच्ची कशी आखायची

घर बांधायला काढलं की बेडरूम किती, देवघर कुठे, संडास-बाथरूम कुठल्या कोपऱ्यात, यावर घरात रात्र रात्र खल होतो. सगळ्यांनी मिळून बसायच्या जागेबद्दल मात्र एकच वाक्य निघतं: "हॉल मोठा पाहिजे." किती मोठा आणि कशासाठी, हे कोणी विचारत नाही.

मी आमचं गावाकडचं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर अर्धं ठेवून अर्धं नवीन बांधून घेतलं. त्यानंतर भाऊबंदांत ज्याचं काम निघालं त्याच्याकडे टेप घेऊन जायची वेळ आली. पुण्या-सुरतेहून परत येऊन गावात किंवा तालुक्याला घर बांधणारी बरीच मुलं तिकडच्या फ्लॅटचा नकाशा डोक्यात घेऊन येतात. तो इथे चालत नाही. इथे त्याच जागेत दिवाळीच्या सुमारास कापूस येतो, एप्रिलात कूलर येतो, लग्नसराईत पाहुणे येतात आणि श्रावणात कानबाई, आमच्याकडची देवी, बसते. म्हणून वहीत आधी वर्ष मांडा, भिंती मागून.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- ५ मीटरचा टेप, सुतळी, खडू आणि थोडी चुन्याची फक्की
- जुनी वर्तमानपत्रं (कशाला, ते पुढे येईल)
- मोबाइलमधलं होकायंत्र
- चौकटीची वही. एक चौकट म्हणजे एक फूट धरायचा

भिंत, ओटा किंवा जिना हलवणार असाल तर कागदही लागतील:

- सिटी सर्व्हे झालेल्या भागात मालमत्ता पत्रक. खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा
- चालू वर्षाची घरपट्टीची पावती
- नव्या प्लॉटसाठी बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा
- सामायिक भिंतीला हात लागणार असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती. वाटणी झालेली नसेल तर भावांचीही

नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा म्हणून त्याच्यावर विसंबू नका. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन बऱ्याच गावांत मालमत्ता पत्रकं आली आहेत. तुमच्या गावाचं आलं असेल तर ते पहिलं काढा. ओट्याची हद्द कुठे संपते आणि गल्ली कुठे सुरू होते, याचं भांडण त्या कागदाने बरंच मिटतं.

१. माणसं आणि वेळा लिहून काढा

वहीच्या एका पानावर सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार रकाने करा आणि प्रत्येक वेळी घरातलं कोण कुठे बसतं ते लिहा. कुठे बसायला पाहिजे ते लिहू नका; आत्ता खरंच कुठे बसतं ते लिहा. आजोबा पहाटे ओट्यावर. शाळेची पोरं संध्याकाळी माजघरात, कारण तिथे उजेड नसला तरी गारवा आहे. बायका दुपारी मागच्या दारात. रात्री जेवणं झाली की सगळे गच्चीवर.

मग त्याच पानावर वर्षातले गर्दीचे दिवस लिहा. आमच्याकडे पहिला आकडा कानबाईचा धरतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी विसर्जन. त्या दोन दिवसांत सगळे भाऊबंद एका घरात असतात आणि रात्रभर गाणी चालतात. त्या रात्री खाली मांडी घालून किती जणी बसतील, एवढा एक आकडा काढला तरी पुढच्या खोलीचं माप अर्धं ठरतं.

पंगतीचा हिशेब सोपा आहे. माणशी २ फूट रुंदी, आणि माणूस व ताट मिळून पुढे-मागे साडेतीन फूट. समोरासमोर दोन रांगा आणि मधे वाढणाऱ्याला ३ फूट म्हणजे १० फूट झाले. तेव्हा १२ बाय १६ च्या रिकाम्या खोलीत दाराची जागा सोडून १४ माणसं आरामात जेवतात. त्याच खोलीत एल आकाराचा सोफा घातला की सहाच बसतात, आणि बाकीच्यांची पंगत अंगणात पत्रावळी उडवत.

२. ऊन आणि वारा आधी, वास्तू नंतर

जळगाव, धुळे, नंदुरबार हे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारचा सूर्य इथे बरोबर डोक्यावर असतो. त्यामुळे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त तापतं ते छत, मग पश्चिमेची भिंत. दक्षिणेची भिंत मे महिन्यात वाटते तेवढी तापत नाही. डिसेंबरात मात्र दुपारचं ऊन ४५ अंशांच्या कोनातून दक्षिणेच्या खिडकीतून आत येतं, आणि थंडीत ते हवंच असतं. तिथे २ फुटांचा छज्जा काढला की उन्हाळ्यात सावली मिळते आणि हिवाळ्यात ऊन.

पश्चिमेला काय ठेवायचं? जिना, बाथरूम, धान्याची खोली, मोरी. जिथे माणूस तासन्‌तास बसत नाही असं काहीही. बसायची खोली पश्चिमेला आलीच, तर त्या बाजूला मोठ्या काचेची खिडकी लावू नका. काचेच्या आतून पडदा लावून फार फरक पडत नाही, ऊन आत येऊन चुकलेलं असतं. बाहेरून ताट्या, शेडनेट किंवा कडुनिंब पाहिजे. (कडुनिंब घराच्या पायाला चिकटून लावू नका, कारण पुढच्या मुद्द्यात आहे.)

वास्तूवाल्यांना जरूर विचारा, घरातल्या मोठ्यांचं मन राखलं जातं. पण ४५ च्या पुढे पारा गेला की दुपारी कोणत्या खोलीत बसवतं, हे ऊन ठरवतं.

३. ओटा: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापराची बैठक

ओटा काढून तिथे गाडीसाठी शेड करायची फॅशन आली आहे. माझं मत विचाराल तर गाडी गल्लीत उभी राहू द्या, ओटा ठेवा. सकाळचा चहा, भाजी निवडणं, येणाऱ्या-जाणाऱ्याला "या, बसा" म्हणणं हे सगळं तिथेच होतं.

माप असं: उंची दीड फूट, म्हणजे पाय सोडून बसता येतं. भिंतीपासून पुढे कमीत कमी ४ फूट. खाट टाकायची असेल तर ५ फूट, नाहीतर खाटेच्या मागून आत जाणारा प्रत्येक जण झोपलेल्याच्या पायाला धडकतो.

इथला मोठा धोका म्हणजे काळी माती. कापसाला चांगली, बांधकामाला त्रासाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर नुसती भर टाकून केलेला ओटा दोन-तीन वर्षांत घरापासून सुटून पुढे कलतो. भिंत आणि ओटा यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडलेली घरं तुम्ही गल्लोगल्ली पाहिली असतील. त्यासाठी:

- ओट्याखालची काळी माती इंजिनिअर सांगेल तेवढी काढून मुरूम भरा. एकदम भरू नका. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुमस.
- घराची भिंत आणि ओट्याची फरशी यांच्यात अर्धा इंच सांधा ठेवून तो लवचिक मसाल्याने भरा. सिमेंटने पक्का केला तर तडा तिथेच जातो.
- पावसाचं आणि धुण्याचं पाणी पायाशी मुरू देऊ नका. झाडंही लांबच.

ढाळ बाहेरच्या बाजूला, दर ५ फुटांना १ इंच. आमच्या मिस्तरीचं एकच पालुपद होतं: "भाऊ, फरशी कोणतीबी टाका, पहिले पाणी कुठून जाईन ते सांगा." फरशी खरबरीत घ्या, शहाबादी किंवा न घासलेला कोटा. चकचकीत टाइल ओल्या पायाला घसरते. आणि ओटा पश्चिमेचा असेल तर गडद रंग नको, संध्याकाळी सातपर्यंत त्याच्यावर बसवत नाही.

नगरपालिकेच्या गटारीवर ओटा किंवा पायऱ्या काढू नका. अतिक्रमण काढायची गाडी आली की पहिला घाव तिथेच पडतो.

४. कूलर: खोली त्याच्याभोवती आखा

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण खान्देशात पुढची खोली मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत कूलरच्या भरवशावर चालते आणि नकाशात त्याला कोणी जागा देत नाही. मग तो खोलीतच उभा करतात, दारं-खिडक्या लावून घेतात आणि तासाभरात अंग चिकचिकायला लागलं की कूलरला शिव्या देतात.

कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून ओढतो. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेतं. ती हवा खोलीतून बाहेर गेलीच पाहिजे. म्हणून कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर, आणि समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार थोडं उघडं. मिनिटाला १००० घनफूट हवा टाकणाऱ्या कूलरला बाहेर जायला अंदाजे २ चौरस फूट उघडी जागा द्या. समोरासमोर खिडक्या नसतील तर आत्ताच भिंतीत वर एक झरोका ठेवा.

केवढा घ्यायचा? खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत गुणा आणि निम्मे करा. १२ बाय १५ ची, १० फूट उंच खोली म्हणजे १८०० घनफूट. मिनिटाला ९०० घनफूट हवा पाहिजे. खोक्यावर तासाला घनमीटर असा आकडा असेल तर तो साधारण १५३० येतो. आपल्याकडच्या उन्हाला याच्या एक पायरी वरचा घ्या.

जागा उत्तरेला किंवा पूर्वेला, सावलीत. पश्चिमेच्या उन्हात ठेवला तर टाकीतलं पाणीच कोमट होतं आणि जाळ्या भराभर वाळतात.

पाण्याचा नळ आणि फ्लोट तिथपर्यंत आणून ठेवा. बऱ्याच गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा ही लाइन थेट नळावर न घेता वरच्या टाकीवरून घ्या. बादल्या ओतायचं काम शेवटी घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं, हेही धरून चाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोखंडी कूलर, खाली ओली जमीन आणि हात ओले: दर उन्हाळ्यात शॉक लागून माणसं जातात, लहान पोरं जास्त.

- कूलरच्या पॉइंटला खरी अर्थिंग हवी. तीन पिनचं सॉकेट दिसतं, पण आत तिसरी वायर जोडलेलीच नसते, असं सर्रास सापडतं. वायरमनकडून समोर उभं राहून तपासून घ्या.
- मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, बसवा.
- पाणी भरताना, जाळी बदलताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा.
- बटणाचा बोर्ड खोलीच्या आत, साडेचार फुटांवर, कूलरचे तुषार पोहोचणार नाहीत असा.

मृग लागून हवेत दमटपणा आला की कूलर निरुपयोगी होतो. तेव्हा टाकी रिकामी करून पुसून वाळवा. चालू असतानाही आठवड्यातून एकदा रिकामी करा, नाहीतर डेंग्यूचे डास त्यातच वाढतात. पुढे कधी एसी लावायचा विचार असेल तर त्याची १६ अँपिअरची वेगळी लाइन आत्ताच भिंतीतून घालून ठेवा.

५. माजघर आणि बायकांची बैठक

पाहुणे पुरुष पुढच्या खोलीत, कूलरसमोर. आणि बायका? स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, पदराने वारा घेत. नकाशात दुसरी बैठक आखली नाही तर हेच चालू राहतं. मधल्या खोलीला एक पंखा, एक खिडकी आणि कूलरच्या हवेची वाट द्या. त्यासाठी कूलर आणि उघडी खिडकी अशा रेषेत ठेवा की हवा पुढच्या खोलीतून माजघरातून मागच्या दाराने बाहेर पडेल. एकाच कूलरमध्ये दोन्ही बैठका होतात आणि पैसा जास्तीचा लागत नाही. मागच्या दाराशी छोटा ओटा असेल तर तो पाडू नका.

ओपन किचन करायचं ठरवलं असेल तर एकदा खान्देशी काळ्या मसाल्याची फोडणी डोळ्यांसमोर आणा. शेवभाजीचा ठसका पडद्यांत, गाद्यांत दोन दिवस राहतो. अर्धी भिंत आणि सरकतं दार हा मधला मार्ग चांगला. भरताची वांगी भाजायला आणि खापरावरचे मांडे करायला मागे, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, ४ बाय ४ ची जागा चुलीसाठी मोकळी ठेवा. ही कामं गॅसच्या शेगडीवर होत नाहीत, झाली तरी ती चव येत नाही.

जुनं धाब्याचं घर असेल तर माजघराच्या मातीच्या भिंती "मोठं दिसावं" म्हणून फोडू नका. दीड-दोन फूट जाडीची भिंत दुपारचं ऊन रात्रीपर्यंत आत येऊ देत नाही. शिवाय वर्षानुवर्षं पांढरी माती टाकून धाब्याचं वजन वाढलेलं असतं. ते वजन खांबांवर आहे की भिंतीवर, हे जाणत्या मिस्तरीने बघितल्याशिवाय एक वीटही हलवायची नाही. अशा भिंतीला बाहेरून सिमेंटचं प्लास्टरही नको. ओल आत कोंडते आणि माती आतून सुटत जाते. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा द्या.

६. कापसाची सोय

शेती असेल तर हे टाळता येत नाही. भाव येईपर्यंत कापूस घरात राहतो, आणि वेगळी खोली नसेल तर पुढच्या खोलीत छतापर्यंत. मग घरभर अंगाला खाज, किडे, आणि एका ठिणगीची भीती. अंगणातून थेट दार असलेली एक खोली त्याच्यासाठी ठेवा. आत उघडी वायर नको, खाली ताडपत्री, भिंतीला ओल नको. सरकारी खरेदीत ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आतच लागतो, तेव्हा ओलसर खोली भावालाही मारते. उन्हाळ्यात हीच खोली पाहुण्यांना झोपायला होते.

७. गच्ची हीसुद्धा बैठकच

रात्री आठनंतर खान्देशातलं घर वर सरकतं. कठडा साडेतीन फूट ठेवा, पोरं झोपेत चालतात. जिना ३ फूट रुंद, म्हणजे गादी घेऊन चढता येतं. वर एक दिवा, एक नळ, आणि खाटा उभ्या करून ठेवायला टाकीखाली कोपरा.

कोब्यावर फुटक्या पांढऱ्या टाइल्स बसवल्या किंवा दरवर्षी मार्चमध्ये चुना मारला तर खालची खोली जाणवण्याइतकी कमी तापते. वाळवणालाही ती स्वच्छ जागा होते: बिबडे, कुरडया, पापड, मिरच्या. मिरच्या मात्र झोपायच्या जागेपासून लांब. गच्चीजवळून विजेच्या तारा जात असतील तर बांधकामाआधीच वीज कंपनीकडे अर्ज करून त्या हलवून घ्या.

८. सामान: आधी वर्तमानपत्र

जे घ्यायचं आहे त्याच्या मापाची वर्तमानपत्रं फरशीवर पसरा आणि आठवडाभर त्यांना वळसा घालून चाला. दारापासून आत जायची वाट ३ फूट मोकळी राहिली पाहिजे. ४३ इंची टीव्हीला ५ ते साडेसहा फुटांचं अंतर पुरतं. पश्चिमेच्या खिडकीसमोर तो लावू नका, दुपारी पडद्यावर खिडकीच दिसते. म्हाताऱ्या माणसाची खाट दारातून गल्ली दिसेल आणि रात्री बाथरूमला जाताना काही आडवं येणार नाही अशी. जड आणि भिंतीला खिळलेलं सामान जितकं कमी, तितकी कानबाईची आणि पंगतीची सोय जास्त. भिंतीतले कोनाडे आणि फडताळं जागा न अडवता तेच काम करतात.

झोपाळा हवा असेल तर पुढे-मागे ३-३ फूट सोडा.

९. स्लॅबच्या आदल्या दिवशी

सेंट्रिंगवर स्वतः चढा. मालक वर आला की कामात फरक पडतो. बघायचं ते एवढं:

- झोपाळ्याचे हुक स्लॅबच्या सळयांना बांधलेत का. नंतर ड्रिल मारून लावलेल्या हुकावर माणसं बसवू नयेत
- पंख्याचे डबे ठरलेल्या बैठकीच्या मधोमध आहेत का; खोलीच्या मधोमध ते नेहमी बरोबर असतंच असं नाही
- गच्चीच्या पाण्याचा पाइप ओट्यावर तर उतरत नाही ना
- कूलर, एसी आणि मागच्या बैठकीच्या पंख्याचे पाइप घातलेत का

पुढे भिंतीत पाइप बसले की प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा आणि ते घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. पाच वर्षांनी खुंटी ठोकायची झाली की वायर कुठून गेली आहे, हे त्या फोटोतच सापडतं.